अठराव्या होलवरची चार मिनिटं

मखमलाबाद, नाशिक
१२ जानेवारी २०२५

दादा,

तुझा फोन लागत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस हे समजायला मला दोन महिने लागले. आधी वाटलं, देवळ्याला रेंज नसेल. म्हणून पत्र लिहितोय. पाया पडतो असं लिहिणार होतो, पण तू पाय मागे घेशील असं डोळ्यांसमोर आलं. तेव्हा नुसता नमस्कार.

आई बरी आहे. सकाळी ओट्यावर बसते, जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारते. गुलाबाचं वावर वाट्यानं दिलंय. पंचवटीच्या बाजारात लोक तिथल्या फुलांना अजून तुझ्या नावानं ‘गोटीरामची फुलं’च म्हणतात. तू वहिनींना घेऊन त्यांच्या माहेरी गेलास त्याला सव्वा वर्ष होईल, पण बाजाराला ते ठाऊक नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. आमच्या क्लबला चाळीस वर्षं होतायत. एक पुस्तक काढायचं ठरलंय आणि सेक्रेटरी साहेबांनी माझ्यावर काम टाकलंय. गोल्फ खेळून आणि शिकवून ज्यांनी पोट भरलं अशा प्रोफेशनल माणसांना गाठायचं, ते काय बोलतात ते मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि लिहून द्यायचं. तू मला एकदा विचारलं होतंस, प्रोफेशनल म्हणजे काय रे? मी म्हटलं, ज्याचं घर या खेळावर चालतं तो. तू म्हणालास, “मंग झुडपात बॉल शोधणारे बी प्रोफेशनलच की.” मला लागलं होतं ते. मी झुडपातूनच वर आलो होतो.

त्या पुस्तकात तुझ्या सृष्टीचं एक पान असावं असं साहेबांचं म्हणणं आहे. तिचा फोटो त्यांच्याकडे आहे, टोपी उलटी घातलेला. तुझी हरकत नसेल तर मी लिहीन. काल बसलो होतो. ‘क्लबची सर्वांत गुणी खेळाडू, वय पंधरा, ८ ऑक्टोबर २०२३ रोजी निवड स्पर्धेत मैदानावर वीज पडून’ इथपर्यंत आलो. पुढचं तुला माहीत आहे. मी धोक्याचा भोंगा वाजवला, सगळे आत आले, ती शेवटच्या, अठराव्या होलवर राहिलेला बॉल आणायला एकटी परत गेली. पोलिसांना सांगितलं तेच, तुला सांगितलं तेच. पानावर एवढं कशाला हवं, म्हणून तिथेच थांबलो.

परवानगी असेल तर दोन ओळी टाक.

तुझा धाकटा भाऊ,
कुंदन


२ फेब्रुवारी २०२५

दादा,

उत्तर आलं नाही, तरी लिहितोय.

परवा विंचूरला जाऊन आलो, भिमाजी मास्तरांकडे. तू त्यांना पाहिलंयस. मी सतरा वर्षांचा असताना ते मला क्लबमध्ये शिकवायचे, एकदा आपल्या घरी जेवायला आले होते आणि मिरचीचा ठेचा खाऊन घामाघूम झाले होते. आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. लेकीकडे राहतात, कलाबाईकडे. गुडघे गेलेत, पण मनगट अजून तसंच. काठी धरतात तीही स्टिकसारखी, अंगठा सरळ खाली.

दोन तास बोलले. त्यांचे वडील नाशकात साहेबांच्या बॅगा उचलायचे. आज जिथे लोक पांढरे बूट घालून सकाळी चालायला जातात त्या गोल्फ क्लब मैदानावर. अर्ध्या नाशिकला आता प्रश्नही पडत नाही की या मैदानाला असं नाव का. मास्तर सांगत होते, “तवा हिरवळ कुठली? वाळूत त्याल कालवून गोल थापायचे, त्याला ब्राउन म्हनायचे. आमचा बाप मागून झाडू मारत जायचा, साहेबाच्या बुटाचा ठसा पुसायला.”

मास्तर स्वतः दहाव्या वर्षी चुलत्याबरोबर मुंबईला गेले आणि तिथल्या एका मैदानावर आगेवाला झाले. आगेवाला म्हणजे खेळणाऱ्याच्या पुढे दोनशे पावलांवर उभा राहून बॉल कुठे पडला ते बघणारा पोरगा. पेरूच्या फांदीची स्टिक करून ते लपून खेळायचे. कुणी शिकवलं नाही. साहेबांचं बघून त्यांची सावली करायची, म्हणाले. बाविसाव्या वर्षी त्याच साहेबांना शिकवायला लागले.

मी विचारलं, “पाऊस आला की काय करायचे?”

“साहेब आत. आमी बॉलपाशी. बॉल हालला तर मार बसायचा. पाऊस थांबला का साहेब येनार, तिथूनच पुढं खेळनार. म्हनून हालायचं नाय.” मग हसले. “त्यानंच तर भ्या गेलं आमचं.”

शेवटी मी क्लबने लिहून दिलेला प्रश्न विचारला, शिकवणं म्हणजे काय? मास्तर म्हणाले, “पोराच्या अंगातलं भ्या काढायचं. बाकीचं ते आपसूक शिकतं.”

हे वाक्य पुस्तकात मोठ्या अक्षरात टाकायचं असं सेक्रेटरी साहेबांनी ठरवलंय. मीही तुला हेच सांगायचो, आठवतं? सृष्टी नऊ वर्षांची होती, कुत्र्याला भ्यायची, अंधाराला भ्यायची. तू म्हणालास, पोरीला फुलं निवडू दे, उन्हात कशाला नेतो? मी म्हटलं, सहा महिने दे. सहा महिन्यांनी ती कुत्र्याच्या अंगावर धावून गेली आणि तू मला म्हणालास, “ने रे बाबा तुझ्या मैदानावर.”

तू तिला माझ्या हाती दिलं होतंस. हे मी विसरलेलो नाही.

कुंदन


१६ फेब्रुवारी २०२५

दादा,

या वेळी योगिनी मॅडमशी बोललो. कॉलेज रोडच्या आहेत, अडतीस वर्षांच्या. नऊ वर्षं बायकांच्या प्रोफेशनल स्पर्धा खेळल्या, पाठ दुखायला लागली तेव्हा सोडलं, आता मुलामुलींना शिकवतात. सृष्टी त्यांना दोनदा भेटली होती. पहिल्या भेटीत तिनं त्यांना विचारलं, मॅडम, तुम्ही हरल्यावर रडता का? त्या म्हणाल्या, गाडीत बसल्यावर. सृष्टी घरी येईपर्यंत हसत होती.

मॅडमना मी मास्तरांचं वाक्य वाचून दाखवलं. त्यांना ते आवडलं नाही. म्हणाल्या, “भिमाजी मास्तर मोठे आहेत, पण हे मला पटत नाही. भीती काढायची नसते, सर. भीतीचं ऐकायला शिकवायचं असतं. माझ्याकडे पोरगं आलं की स्टिक धरण्याआधी मी त्याला एक गोष्ट शिकवते. गडगडलं की हातातलं टाक आणि आत ये. आम्ही त्याची प्रॅक्टिस करतो. मी टाळी वाजवते, मुलं पळतात.”

मी म्हटलं, भोंगा तर असतोच.

“भोंग्याची वाट कशाला बघायची? नियमातच आहे ना, खेळाडूला विजेचा धोका वाटला तर त्यानं स्वतः खेळ थांबवायचा. कुणाला विचारायची गरज नाही. मी एकदा पहिल्या नंबरवर होते, तीन होल राहिले होते, सरळ चालत आत गेले. बाकीच्या खेळत राहिल्या. मला काहीही झालं नाही, कुणी दंडही लावला नाही.” त्यांना आठवलं असावं मी कोण आहे ते. म्हणाल्या, “सॉरी सर. सृष्टीला तुम्ही हे सांगितलंच असणार.”

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

नियमाचं पुस्तक माझ्या कपाटात आहे. घरी येऊन काढलं. तो नियम आहे. दोन ओळींचा आहे. मी पंचवीस वर्षं शिकवतोय, परीक्षा देऊन पास झालोय, तरी त्या ओळींवरून माझं बोट कधी फिरलं नव्हतं.

पुस्तकाचं काम जरा मागे पडलंय. आईच्या हातची भाकरी आता जाड होते. बाकी ठीक.

कुंदन


३ मार्च २०२५

दादा,

तुझं पत्र मिळालं. नऊ ओळींचं आहे. मला पाठ झालंय. तू लिहिलंयस:

‘सृष्टीचं पान छापू नको. मीनानं तुझी पत्रं वाचली नाहीत, मी वाचली. ती दीड वर्ष एकच बोलते. त्या आठवड्यात ती पोरीला बोलली होती, सारखे बॉल हरवते, एक बी घरी आणत नाही. म्हणते, मी बोलले नसते तर ती बॉल आणायला परत गेली नसती. मी मारली तिला, म्हणते. डॉक्टर झाले, गोळ्या चालू हायेत. आई सगळ्यांना सांगत फिरते का पोरगी हट्टी व्हती, काकाचं ऐकलं नाय. ते इथवर येतं. आईला गप कर. तू बी आता लिहू नको.’

दादा, वहिनींना सांग की बॉलचा काही संबंध नव्हता. आजच सांग. त्या जे बोलल्या त्याचा काही संबंध नव्हता.

हे मला कसं माहीत असं त्या विचारतील. तूही विचारशील. मी दोन पानं लिहिली होती, ती चुलीत घातली. आईनं विचारलं काय जाळतो? म्हटलं, क्लबचे जुने कागद.

सध्या एवढंच सांग. संबंध नव्हता.

कुंदन


९ मार्च २०२५

दादा,

हे पत्र वहिनींना वाचून दाखव. मग माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण आधी त्यांना वाचून दाखव.

मी खोटं बोललो. सृष्टी परत गेली नव्हती. ती तिथेच होती. मी तिला थांबवलं होतं.

सुरुवातीपासून सांगतो. त्या दिवशी शेवटच्या दोन होलांवर देखरेख माझ्याकडे होती. भोंगा माझ्या डाव्या हातात होता, हवेचा, लाल टोपीचा. पहिला गडगडाट ऐकला की तो दाबायचा, एवढाच नियम. दुपारी पावणेचारच्या सुमारास त्र्यंबकच्या बाजूनं काळं भरून आलं आणि मी पहिला गडगडाट ऐकला. नीट ऐकला. लांब आहे असं मनाला सांगितलं.

तीन मुली होत्या. दोघींचं खेळून झालं होतं, थेंब पडायला लागले तशा त्या आत पळाल्या. सृष्टीचा एक पट, म्हणजे बॉल होलात ढकलायचा शेवटचा हलका फटका, राहिला होता, साडेचार-पाच फुटांचा. तो गेला असता तर ती राज्याच्या संघात होती. मी भोंगा दाबला असता तर तिला दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या हिरवळीवर येऊन तोच पट मारावा लागला असता, रात्रभर डोक्यात घेऊन. मला ते नको होतं. तिचा हात चालू होता. तिच्या हाताला नको होतं का मला नको होतं, हे मी स्वतःला दीड वर्ष विचारतोय. मला नको होतं. माझ्या हाताखालून राज्याच्या संघात एकही खेळाडू गेलेला नव्हता.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “काका, वीज चमकतेय. जाऊ का?”

मी म्हटलं, “एवढा मारून जा.”

तिला मला विचारायची गरजच नव्हती, दादा. ती तशीच जाऊ शकत होती. पण ते तिला कुणी सांगायचं? मीच सांगायचं होतं.

ती घाईनं मारेल असं वाटलं होतं. तिनं घाई केली नाही. मी शिकवलं तसं केलं. मागे जाऊन बसली, उतार बघितला, दोनदा हात फिरवला, मग मारला. बॉल आत गेला. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग सगळं पांढरं झालं.

पहिल्या गडगडाटापासून तिथपर्यंत चार मिनिटं झाली होती. भोंगा मी त्यानंतर दाबला. आतल्या लोकांनी ऐकला, तो हाच. वीज आणि भोंगा कुणाला वेगळे करता आले नाहीत, आणि मी ते कुणाला वेगळे करू दिले नाहीत. मी धावत गेलो तेव्हा बॉल होलमध्येच होता. ती तो काढायला वाकलीसुद्धा नव्हती. वहिनींना हे वाक्य दोनदा वाचून दाखव.

पोलीस आले तेव्हा मी बसलो होतो आणि कुणीतरी विचारलं, ती बाहेर कशी राहिली? माझ्या तोंडून निघालं, बॉल आणायला गेली. मी ठरवलं नव्हतं. पण निघाल्यावर ते मला इतकं सोपं वाटलं की मी ते धरून ठेवलं. मेलेलं पोर काही बोलणार नव्हतं. आणि मग आई ते शब्द घेऊन ओट्यावर बसली. पोरगी हट्टी होती. मी रोज आतल्या खोलीतून ऐकायचो. एकदाही बाहेर येऊन म्हटलं नाही, की आई, नव्हती.

काल मी विंचूरला गेलो. हे सगळ्यांत आधी मास्तरांना सांगितलं. तुला सांगायची हिंमत नव्हती म्हणून. ते खाटेवर बसून ऐकत होते. मला वाटत होतं ते मला शिव्या देतील, किंवा म्हणतील जाऊ दे रे, देवाची करणी. दोन्हीतलं काही म्हणाले नाहीत.

म्हणाले, “मागच्या टायमाला तुला एक सांगायचं ऱ्हायलं. पावसात बॉलपाशी उभं ऱ्हायचो म्हनलो ना? आमी दोघं व्हतो त्या दिवशी. दुसरा माजा चुलतभाव. माज्यापेक्षा एक वरसानं ल्हान. त्यो बॉलपाशीच गेला, वीज पडून.”

मी म्हटलं, “मास्तर, तुम्ही हे कधी बोलला नाहीत.”

“कसं बोलनार? त्याचं बोललो असतो तर मंग भ्या गेलं, भ्या गेलं हे कोनत्या तोंडानं सांगितलं असतं? भ्या कुटं गेलं व्हतं. आमाला हालायची परवानगी नव्हती, येवढंच.” त्यांनी काठी बाजूला ठेवली. “तुला शिकवलं तवा मला ठावं व्हतं. तरी तुला तेच शिकवलं. तू ते पोरीला दिलं.”

मी रडायला लागलो. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. कलाबाईला म्हणाले, याला पाणी दे. मग मला म्हणाले, “माज्यावर ढकलायला आला असशील तर ढकल. म्हाताऱ्याला काय फरक पडत नाय. पन तोंडातून निघालं ते तुज्या. ‘मारून जा’ हे तू म्हनला. हे भावाला लिही.”

लिहिलं.

उद्या क्लबमध्ये जाऊन सेक्रेटरी साहेबांना हे लेखी देणार आहे आणि तिथून पोलीस ठाण्यात. जबाब बदलायचा म्हणजे काय करतात मला माहीत नाही. जे असेल ते.

कुंदन


६ एप्रिल २०२५

दादा,

गुरुवारी तू वहिनींना घेऊन आलास, पण पिकअपमधून उतरला नाहीस. क्लबच्या फाटकापाशी नाही, घरापाशीही नाही. तुझे हात स्टिअरिंगवर होते तेवढे मला दिसले. वहिनींनी तुला परत जाताना काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. तू बघितलं नाहीस ते तुला कळायला हवं, म्हणून हे लिहितोय. यापुढे लिहिणार नाही. तू तसं सांगितलं होतंस, मी ऐकलं नव्हतं.

मी आता क्लबमध्ये शिकवत नाही. जबाब दिला त्याच दिवशी साहेबांनी चावी मागून घेतली. पुस्तकाचं काम योगिनी मॅडमकडे दिलंय. त्या माझ्याशी बोलत नाहीत. फोनवर एकच विचारलं, “तिनं विचारलं होतं का सर तुम्हाला?” मी हो म्हटल्यावर फोन ठेवला. ठाण्यात दोनदा जाऊन आलो, अजून बोलावणार आहेत. केस होईल असं तिथले साहेब म्हणाले. मी वकील केलेला नाही.

गुरुवारी मला मैदानावर सोडणार नाहीत असं वाटलं होतं. वहिनींना बघून फाटकावरच्या माणसानं काही विचारलं नाही. आम्ही दोघं चालत अठराव्या होलपर्यंत गेलो. वहिनी बारीक झाल्यात. तिथे गेल्यावर म्हणाल्या, “कुठं होती?”

मी जागा दाखवली. होल आता वेगळ्या ठिकाणी काढतात, पण मला ती जागा हातभर इकडेतिकडे न होता दाखवता येते. वहिनी तिथे जाऊन उभ्या राहिल्या. चपला काढून.

“तुम्ही कुठं होते?”

मी माझ्या जागेवर गेलो. पंचवीस-तीस पावलं असतील.

“ती काय बोलली ते बोला. मोठ्यानं.”

दादा, मला ते जमेना. त्या वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटी मी म्हटलं. काका, वीज चमकतेय, जाऊ का?

“आता तुम्ही बोलले ते.”

मी म्हटलं, “एवढा मारून जा.”

वहिनी म्हणाल्या, “ऐकू येतं. सगळं सपष्ट ऐकू येतं इथं.” मग त्या खाली बसल्या आणि हिरवळीवरून हात फिरवायला लागल्या, लहान पोराच्या डोक्यावरून फिरवतात तसा. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. उठल्या तेव्हा त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “माझी पोरगी शहाणी होती. तिनं विचारलं होतं.”

मी पाया पडायला वाकलो. त्या बाजूला झाल्या. “माफी मागू नका,” म्हणाल्या. “माझ्याकडं ती नाही. आत्याबाईंना सांगितलं का?”

मी मान हलवून नाही म्हटलं. महिनाभर मी ठाण्यात सांगितलं, क्लबमध्ये सांगितलं, तुला लिहिलं. घरात आईला सांगितलं नव्हतं. आईला वाटत होतं मी आजारी आहे म्हणून कामावर जात नाही.

“मग चला,” म्हणाल्या. “माझ्यासमोर सांगा.”

पुढचं तू गाडीतून अर्धं बघितलंस. ऐकू आलं नसणार. आई ओट्यावर होती, वहिनींना बघून उठायला लागली. वहिनी म्हणाल्या, बसा. मी उभ्या उभ्याच सांगितलं, थोडक्यात, आईला समजेल असं. भोंगा माझ्या हातात होता, पोरीनं जाऊ का विचारलं, मी थांब म्हटलं. ती परत गेली नव्हती.

आईला कमी ऐकू येतं म्हणून मी परत सांगायला लागलो, तर हात वर करून म्हणाली, “ऐकलं.”

मग म्हणाली, “माझ्या तोंडानं बोलवून घेतलं तू. दीड वरीस. माझ्या नातीला नावं ठेवली मी.”

आई भिंत धरून उठली. मला वाटलं आत जाईल. ती पायरी उतरली आणि शेजारी अक्काबाईंच्या दारात गेली. अनवाणी, डोक्यावर पदर घेऊन. मी मागे गेलो. आई म्हणाली, “अक्काबाई, माझी नात हट्टी नव्हती. ती काकाला इचारून थांबली व्हती. मी तुला चुकीचं सांगितलं व्हतं.” अक्काबाई, बस की, पाणी घे, म्हणत राहिल्या. आई पुढच्या दारात गेली होती.

तिथेही तेच. त्याच्या पुढेही तेच. ज्या-ज्या घरी ती बोलली होती ते तिला पाठ होतं. काही ठिकाणी पुरुष माणसं होती, त्यांनी माझ्याकडे बघितलं. चौथ्या दारात तिनं वळून मला म्हटलं, “तू नको येऊ.” मी आपल्या ओट्यावर परत आलो. वहिनी तिथेच उभ्या होत्या. आम्ही दोघांनी तिला गल्लीच्या टोकापर्यंत जाताना बघितलं. प्रत्येक दारात थांबत होती, दम खात होती, सांगत होती, पुढे जात होती. मारुतीच्या देवळासमोरचं शेवटचं घर झालं तेव्हा ऊन उतरलं होतं.

परत आली ती घरात आली नाही. वहिनींचा हात धरला आणि सरळ तुझ्या गाडीकडे गेली. तू आतून दार उघडलंस.

तिचं लुगडं, चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या इथेच राहिल्यात. उद्या एसटीच्या पार्सलनं देवळ्याला पाठवतो. गोळी सकाळी, चहाच्या आधी. पांढरी अर्धी, पिवळी पूर्ण. ती नको म्हणते, पण दिली की घेते.

कुंदन